सीडी प्लेयर एकच घ्यावा की ट्रान्सपोर्ट आणि डॅक वेगळे? ठाण्यातल्या घरासाठी सविस्तर मार्गदर्शक

नौपाड्यात, पाचपाखाडीत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत आणि सामान हलवताना शोकेसमधून सीडींचे गठ्ठे बाहेर येतायत. भीमसेनजी, किशोरीताई, नाट्यसंगीत, अभंग आणि खाली कुठेतरी लेकाने कॉलेजात असताना घेतलेले इंग्रजी बँड. सोबतचा प्लेयर बहुधा मेलेला असतो. ट्रे अर्धवट उघडून अडकतो, नाहीतर चकती दोन-चार वेळा गरगर फिरवून ‘नो डिस्क’ म्हणतो आणि गप्प बसतो. मग प्रश्न येतो: आता नवीन काय घ्यायचं? सगळं पोटात असलेला एकच सीडी प्लेयर, की चकती वाचणारा ट्रान्सपोर्ट वेगळा आणि डिजिटलचा आवाज करणारा डॅक वेगळा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. बऱ्यापैकी दर्जाच्या दोन यंत्रांमधला आवाजाचा फरक इतका थोडा असतो की त्याच्यावर निर्णय घेण्यात अर्थ नाही. निर्णय घ्यायचा तो तीन गोष्टींवर: तुमच्याकडे नेमक्या कसल्या चकत्या आहेत, त्याच ॲम्पवर (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरवर) आणखी काय काय वाजणार आहे, आणि यंत्र बिघडलं की काय फेकावं लागणार आहे.

आत काय चालतं, एवढं माहीत हवं

फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ठरवलेल्या मानकावर १९८२ साली सीडी बाजारात आली. तेव्हापासून चकतीवरची मांडणी तीच आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल. म्हणजे सेकंदाला साधारण १४ लाख बिट. ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा लेझर हे खालून वाचतो. ग्रामोफोनच्या उलट, आतून बाहेर. सुरुवातीला चकती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, कडेला पोचेपर्यंत हा वेग २०० वर येतो. वाचताना चुका होतातच, पण त्या दुरुस्त करायची गणिती व्यवस्था चकतीवरच लिहिलेली असते. ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा डाग ती पूर्ण भरून काढते, म्हणजे मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. डाग त्याहून मोठा असेल तर प्लेयर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतो, आणि तेही जमलं नाही की गाणं अडखळतं.

आकडे हाती आले की काम डॅकचं. तो आकड्यांचा विद्युत संकेत करतो, पुढे एक ॲनालॉग टप्पा त्याला ॲम्पला लागणाऱ्या पातळीवर आणतो. सीडी प्लेयरसाठी ही पातळी साधारण २ व्होल्ट.

हे सगळं एका डब्यात असलं की तो सीडी प्लेयर. आकडे बाहेर काढून दुसऱ्या डब्याला दिले की ट्रान्सपोर्ट आणि डॅक. पहिल्या अर्ध्या भागात मोटर, रबरी बेल्ट, प्लॅस्टिकचे दाते आणि झिजणारा लेझर आहे. दुसऱ्या अर्ध्यात हलणारं काहीच नाही. एक अर्धा बिघडणारच आहे आणि दुसरा वीस वर्षं सहज काढू शकतो. खरेदीचा विचार इथून सुरू करायचा.

पहिली पायरी: चकत्या जमिनीवर मांडा आणि वेगळ्या करा

दुकानात जाण्याआधी एक रविवार सकाळ याला द्या. ही पायरी लोक गाळतात आणि नंतर दुकानदाराशी हुज्जत घालतात.

पहिला ढीग खऱ्या ऑडिओ सीडींचा. कव्हरवर किंवा चकतीवर ‘कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ’ हा शिक्का असतो, खालची बाजू चांदीसारखी. कुठलाही सीडी प्लेयर, कुठलाही ट्रान्सपोर्ट या वाजवतो.

दुसरा ढीग एमपी३ सीडींचा. आपल्याकडे हा हमखास मोठा निघतो, कारण एका चकतीवर पन्नास, पंच्याहत्तर, शंभर गाणी असलेले संग्रह खूप खपले. दिसायला ऑडिओ सीडीसारख्याच, पण आत कॉम्प्युटरच्या फाइल असतात. काही सीडी प्लेयर त्या वाजवतात, काही नाही. नुसते ट्रान्सपोर्ट तर बहुतेक वेळा नाहीच. महागड्या यंत्राने आईची आवडती जुनी गाणी नाकारली की घरात जे ऐकावं लागतं ते टाळायचं असेल तर तपशीलपत्रकात ‘एमपी३’ हा शब्द आहे का ते बघा.

तिसरा ढीग घरी लिहिलेल्या, म्हणजे बर्न केलेल्या चकत्यांचा. खालची बाजू हिरवट किंवा निळसर असते. छापील सीडीपेक्षा त्यांच्यावरून प्रकाश कमी परततो, त्यामुळे जुने किंवा थकलेले लेझर त्यांच्यावर आधी हरतात. त्यात वापरलेला रंगद्रव्याचा थरही वयानुसार खराब होतो. खासगी बैठकीचं रेकॉर्डिंग, आजोबांचा आवाज, मुलीच्या गाण्याच्या परीक्षेची तयारी असलं काही त्यात असेल, तर प्लेयर कोणता घ्यायचा ते नंतर, आधी आजच ती चकती लॅपटॉपवर उतरवून घ्या.

चौथा ढीग व्हीसीडींचा. मराठी नाटकांचे दोन-दोन, तीन-तीन चकत्यांचे संच आठवत असतील. हे सीडी प्लेयरचं काम नाही. त्याला डीव्हीडी प्लेयर किंवा लॅपटॉपच हवा.

क्वचित एखादी एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) निघेल. १९९९ साली आलेला हा प्रकार बहुतेक वेळा दोन थरांचा असतो आणि त्यातला सीडीचा थर साध्या प्लेयरवर वाजतो. दुसरा, एसएसीडीचा थर वाजवायला खास प्लेयर लागतो, आणि तो थर साध्या डिजिटल केबलने बाहेर काढायला परवानगीच नाही. म्हणजे एसएसीडीसाठी सुटा डॅक फारसा उपयोगाचा नाही. तुमच्याकडे अशा दहा-पाचच असतील तर हा विषय सोडून द्या.

आता ढीग बघा. ऑडिओ सीडी मूठभर आणि बाकी सगळं एमपी३ असेल, तर हाय-फाय सीडी प्लेयर घेण्यात पैसे घालवू नका. फाइल पेनड्राइव्हवर घ्या, साधा डॅक घ्या, आणि उरलेल्या पैशांत बरे स्पीकर घ्या. ऑडिओ सीडी शंभर-दोनशेच्या पुढे असतील तर पुढे वाचा. हा संग्रह आता फारसा वाढणार नाही, हेही लक्षात असू द्या. काळा घोड्याचं रिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, त्याआधीच आपल्या भागातल्या कॅसेट-सीडीच्या दुकानांत मोबाइलची कव्हरं लटकायला लागली होती. यंत्र निवडायचं ते हातात आहे त्या संग्रहासाठी.

दुसरी पायरी: ॲम्पच्या पाठीमागे टॉर्च मारा

टीव्ही युनिट पुढे ओढा आणि ॲम्पची मागची बाजू बघा. चौकोनी, छोटं झाकण असलेलं भोक म्हणजे ऑप्टिकल. नारिंगी किंवा काळ्या कडेचं एकटंच आरसीए (गोल सॉकेट) म्हणजे कोॲक्शियल. यांच्यापैकी काही तिथे असेल आणि वर ‘इन’ लिहिलेलं असेल, तर तुमच्या ॲम्पमध्ये डॅक आधीच बसवलेला आहे. होम थिएटरच्या जवळपास सगळ्या रिसीव्हरमध्ये तो असतो, अलीकडच्या बऱ्याच स्टिरिओ ॲम्पमध्येही असतो. मग वेगळा डॅक विकत घेण्याची घाई कशाला? नुसता चकती वाचणारा डबा आणा, एक केबल लावा, महिनाभर ऐका.

‘इन’ आणि ‘आउट’ या दोन शब्दांवर दुकानात सर्रास गोंधळ होतो. “ह्याला ऑप्टिकल आहे ना?” “हो साहेब, आहे.” असतं, पण ते आउट असतं. बहुतेक सीडी प्लेयरना डिजिटल आउट असतं, म्हणजे त्यांचा उपयोग पुढे ट्रान्सपोर्ट म्हणून करता येतो. डिजिटल इन असलेले प्लेयर मोजके. ते असेल तर टीव्ही किंवा लॅपटॉपचा आवाज प्लेयरच्या आतल्या डॅकमधून जाऊ शकतो. अक्षरं बारीक असतात, मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. लाल-पांढऱ्या आरसीएच्या जोड्या सोडल्या तर काहीच सापडत नाही असं निव्वळ जुनं ॲम्प असेल, तर तुमच्यापुढे निवड खरी आहे.

तिसरी पायरी: सीडीशिवाय काय वाजणार?

फक्त सीडी, असं उत्तर असेल तर एकच प्लेयर घ्या आणि लेख इथेच ठेवा, खरंच. दोन डबे, दोन रिमोट, दोन ॲडॅप्टर, जादा केबल, हे सगळं कशासाठी?

पण बहुतेक घरांत तसं नसतं. टीव्हीवर यूट्यूबवरची मैफल लागते, फोनवरून गाणी वाजतात, मुलाचा लॅपटॉप असतो. हे सगळे डिजिटल स्रोत आहेत आणि सगळ्यांना डॅक लागतोच. टीव्हीचा ऑप्टिकल, लॅपटॉपचा यूएसबी, ट्रान्सपोर्टचा कोॲक्शियल, तिन्ही एकाच सुट्या डॅकमध्ये येतात आणि तिथून एक आरसीए जोडी ॲम्पला जाते. सुट्या डॅकच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे.

फोनबद्दल एक-दोन गोष्टी. ब्लूटूथने आवाज दाबून पाठवला जातो, त्यामुळे सीडीची बरोबरी तिथे होत नाही. पार्श्वभूमीला गाणी लावायला मात्र छान. यूएसबी केबलने फोन डॅकला जोडला तर अँड्रॉइड बऱ्याचदा ४४.१ किलोहर्ट्झचा संकेत आधी ४८ मध्ये बदलतो. ते टाळणारी ॲप मिळतात. कानाला फरक जाणवेलच असं नाही, पण डॅकच्या पडद्यावर ४८ दिसलं तर दचकू नका.

चौथी पायरी: रिमोट कोणाच्या हातात असणार?

हा प्रश्न तांत्रिक लेखांत येत नाही, आणि घरात मात्र सगळं याच्यावर अडतं. सकाळी सहाला बाबांना अभंग लावायचे आहेत. ॲम्प चालू, ट्रान्सपोर्ट चालू, डॅक चालू, डॅकवर ‘कोॲक्स’ निवडलेलं आहे का ते बघा, कारण रात्री कोणीतरी टीव्हीसाठी ‘ऑप्टिकल’ केलं होतं. आवाज येत नाही, आणि फोन तुम्हाला येतो, तुम्ही ऐरोलीच्या ऑफिसात. ज्येष्ठांसाठी एकच प्लेयर, मोठा डिस्प्ले, रिमोटवर आकड्यांची बटणं. वाद नको.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी आणखी एक बघावं. आपल्या सीडींवर एकेक ट्रॅक चाळीस-पन्नास मिनिटांचा असतो. ‘पुढचा ट्रॅक’ या बटणाने विलंबित संपून एकदम दुसरा राग येतो. ट्रॅकच्या आत वेगाने पुढे-मागे जाता येतं का, आणि तसं जाताना आवाज ऐकू येतो का, हे दुकानात प्रत्यक्ष दाबून बघा. द्रुत कुठे सुरू होते ते शोधायचं असेल तर हीच सोय कामाला येते.

आवाजाचं खरं काय?

१६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांच्यातलं अंतर साधारण ९६ डेसिबल. आजचा बरा डॅक याच्या कितीतरी पुढे जातो, ११०-१२० डेसिबलचे आकडे जाहिरातीत असतात. आता आपला हॉल घ्या. पंखा फिरतोय, खाली रिक्षा, समोर घोडबंदर रोड. खिडक्या बंद करूनही खोलीत ३५-४० डेसिबलचा पार्श्वआवाज असतोच. त्याच्या वर ९६ डेसिबलची पूर्ण झेप घ्यायची तर कान फुटतील. म्हणजे डॅकच्या आकड्यांतली शेवटची दहा-वीस डेसिबल आपल्या घरात ऐकायला मिळतच नाहीत.

घड्याळाच्या थरथरीचं, ज्याला जिटर म्हणतात, त्याचंही तसंच. सुट्या जोडणीत डॅकला घड्याळाची लय केबलमधून येणाऱ्या संकेतातूनच काढावी लागते, म्हणून तत्त्वतः एकच डबा या बाबतीत वरचढ. प्रत्यक्षात चांगले डॅक ही थरथर आत शिरू देत नाहीत. माझ्या मते जिटरचं भय बहुतेक वेळा केबल विकण्यासाठी दाखवलं जातं.

तरी दोन डब्यांत फरक ऐकू येतो असं लोक शपथेवर सांगतात. येतोही, कारण बऱ्याचदा एक दुसऱ्यापेक्षा थोडा मोठ्याने वाजत असतो. जरासा मोठा आवाज कानाला ‘मोकळा’, ‘स्वच्छ’ वाटतो, मोठा वाटत नाही. म्हणून तुलना अशी करा. प्लेयरचं ॲनालॉग आउट ॲम्पच्या ‘सीडी’ला जोडा. त्याच प्लेयरचं डिजिटल आउट डॅकला द्या आणि डॅक ॲम्पच्या ‘ऑक्स’ला. एकच चकती दोन्ही वाटांनी एकाच वेळी वाजतेय, रिमोटने फक्त वाट बदलायची. १०० हर्ट्झचा एक सूर सीडीवर लिहून घ्या, तो हळू आवाजात वाजवा आणि साध्या मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजा. दोन वाटांचा आकडा १ टक्क्याच्या आत येईपर्यंत डॅकचा व्हॉल्यूम जुळवा. आता डोळे मिटा आणि रिमोट दुसऱ्याच्या हातात द्या. बऱ्याच जणांचा उत्साह इथे मावळतो. मावळला नाही, तर तो डॅक तुमच्यासाठी आहे, खुशाल घ्या.

खऱ्या अर्थाने ऐकू येणारी एक गोष्ट आहे. ऐंशीच्या दशकातल्या काही सीडी, विशेषतः जपानी छपाईच्या, वरचे सूर मुद्दाम चढवून लिहिलेल्या असतात. चकतीवर तशी खूण असते आणि प्लेयर ती वाचून सूर खाली आणतो. काही आधुनिक डॅक ही खूण ओळखत नाहीत, मग टाळ्या आणि झांजा कानाला बोचतात. एखादीच जुनी सीडी सुट्या जोडणीवर कर्कश वाटली तर यंत्राला दोष देण्याआधी हे तपासा.

पाचवी पायरी: वाट ठरवा

सगळ्यात स्वस्त वाट बहुतेकांच्या माळ्यावर पडलेली असते: जुना डीव्हीडी किंवा ब्लू-रे प्लेयर. त्याच्या मागे कोॲक्शियल किंवा ऑप्टिकल आउट असेल तर तो उत्तम ट्रान्सपोर्ट आहे. एमपी३ आणि व्हीसीडीचे ढीगही बहुतेक वेळा तोच खातो. टीव्हीला जोडून एकदा सेटिंगमध्ये जा, डिजिटल आउट ‘पीसीएम’ करा, ‘बिटस्ट्रीम’ नको, आणि थ्रीडी किंवा व्हर्च्युअल सराउंडसारखे खेळ बंद करा. उणिवा दोन: समोर धड डिस्प्ले नसतो, कितवा ट्रॅक चाललाय ते टीव्ही लावल्याशिवाय कळत नाही, आणि काहींचा पंखा नाहीतर मोटर शांत आलापात ऐकू येते. तरीही पहिले सहा महिने हीच वाट घ्या असं मी सांगेन. दहा-बारा हजारांच्या आसपास आज चांगला टेबलावरचा डॅक मिळतो. उद्या खरा ट्रान्सपोर्ट घेतला तरी तो वाया जात नाही.

दुसरी वाट ऑल-इन-वनची. मरँट्झ, डेनॉन, यामाहा यांचे मधल्या किमतीचे प्लेयर भारतात अधिकृत विक्रेत्यांकडे येत-जात असतात. घेताना डिजिटल आउट असलेलाच घ्या. उद्या आतला डॅक बिघडला किंवा तुम्हाला बदलावासा वाटला, तर याच डब्याचा ट्रान्सपोर्ट होतो. अशा प्लेयरमुळे ‘एक की सुटे’ हा वाद निम्मा मिटतो, आणि ज्यांना ठरवताच येत नाही त्यांना मी हाच सुचवतो.

तिसरी वाट खास ट्रान्सपोर्टची. केम्ब्रिज ऑडिओचा सीएक्ससी किंवा ऑडिओलॅबचा ६०००सीडीटी यांच्यात डॅक मुळातच नाही, सगळा खर्च चकती नीट वाचण्यावर. बांधणी सुरेख, चालतात शांत. पण डॅक आधीच जवळ असेल आणि ऑडिओ सीडीच वाजणार असतील तरच. नाहीतर ट्रान्सपोर्ट आणि डॅक मिळून जी रक्कम होते त्यात आपल्या छोट्या हॉलसाठी स्पीकरची जोडी बदलता येईल, आणि तो फरक शेजाऱ्यालाही कळेल.

चौथी वाट सीडी एकदाच उतरवून ठेवायची. लॅपटॉपला यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह लावा, विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा डीबीपॉवरॲम्प, मॅकवर एक्सएलडी, आणि फाइल फ्लॅकमध्ये. फ्लॅकमध्ये आवाजाचा एकही बिट हरवत नाही, जागा मात्र निम्म्याच्या आसपास लागते. एका सीडीला ३००-४०० एमबी धरा, तीनशे सीडी १२० जीबीत बसतात. ही प्रोग्रॅम तुमची वाचलेली सीडी जगातल्या इतरांनी वाचलेल्या त्याच सीडीच्या आकड्यांशी पडताळूनही बघतात. आकडे जुळले की निश्चिंत. पुढे रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) किंवा जुना लॅपटॉप, यूएसबीने डॅक, संपलं.

यातलं जिवावर येणारं काम म्हणजे नावं भरणं. परदेशी अल्बमची माहिती आपोआप येते. आपल्या सीडींची येत नाही, किंवा आली तर ‘ट्रॅक ०१, अननोन आर्टिस्ट’. राग, ताल, गायक, तबला-पेटीची साथ, रेकॉर्डिंगचं वर्ष, हे कव्हरवरून हातानेच टाइप करायचं. सुरुवातीलाच एक पद्धत ठरवा, उदाहरणार्थ शीर्षकात आधी राग, मग बंदिशीचे शब्द, आणि ती मोडू नका. यमन शोधला की सगळ्यांचे यमन एका ओळीत समोर यायला हवेत. आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

जोडणी करताना

कोॲक्शियल असो की ऑप्टिकल, सीडीचे आकडे दोन्हीतून सारखेच जातात. कोॲक्शियलसाठी ७५ ओहमची केबल हवी. घरात जुन्या डीव्हीडीसोबत आलेली पिवळ्या टोकाची व्हिडिओ केबल नेमकी त्याच जातीची असते, एक-दीड मीटरसाठी ती पुरते. ऑप्टिकलच्या टोकावर पारदर्शक प्लॅस्टिकची बारीक टोपी असते, ती काढायची राहून जाते आणि ‘डॅक खराब आला’ म्हणून बोंब होते. ही केबल काटकोनात मोडू नका, युनिट भिंतीला टेकवताना बघा.

स्पीकरमधून गुणगुण येत असेल, ५० हर्ट्झची जाड घूं, तर दोन उपकरणांच्या अर्थिंगचा फेरा झालाय. सेट टॉप बॉक्सची केबल काढून बघा, बहुतेक वेळा तीच कारण असते. कोॲक्शियलऐवजी ऑप्टिकल लावली की तांब्याचा धागाच राहत नाही आणि फेरा तुटतो. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. पण गुणगुण घालवायला थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढण्याचा उद्योग करू नका, त्यात शॉक बसून जीव जाऊ शकतो.

जुना प्लेयर घेणार असाल तर

वापरलेले जुने प्लेयर अजून फिरत असतात आणि त्यांच्यात रत्नं आहेत. आधी मागची पट्टी वाचा. जपानच्या बाजारासाठी बनवलेला असेल तर तिथे १०० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्या २३० व्होल्टला थेट लावला की धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, त्याची किंमत आणि जागा हिशेबात धरा. ५० आणि ६० हर्ट्झच्या फरकाने चकतीचा वेग बदलत नाही, तो आतल्या क्रिस्टलवर चालतो.

वाजवून बघायला स्वतःच्या तीन चकत्या न्या: एक सत्तर मिनिटांच्या पुढची छापील, एक ओरखडे असलेली, एक घरी लिहिलेली. ट्रे पाच-सहा वेळा उघड-बंद करा. कुंथत उघडत असेल तर बेल्ट सैल झालाय, ते किरकोळ काम आहे. चकती टाकल्यापासून ट्रॅकची संख्या दिसेपर्यंत किती वेळ जातो ते बघा. मग थेट शेवटचा ट्रॅक लावा. कडेला चकतीचं डोलणं सर्वांत जास्त असतं, दमलेला लेझर किंवा सुकलेलं ग्रीस तिथे उघडं पडतं. तिथून पहिल्या ट्रॅकवर उडी मारायला लावा. विक्रेता घाई करत असेल तर तुम्ही करू नका.

आतला पिकअप, म्हणजे लेझर आणि भिंग असलेला भाग, कोणता आहे ते आधी विचारा. सोनीच्या केएसएस-२१३ मालिकेसारखे पिकअप असंख्य कंपन्यांनी वापरले, त्यामुळे त्यांचे बदली भाग अजून मिळतात. असल्या भागांसाठी ठाण्याहून लोकल पकडून, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि लॅमिंग्टन रोड हा रस्ता अजून बंद झालेला नाही. दुर्मीळ पिकअप असलेला देखणा प्लेयर म्हणजे लेझर गेल्यावर शोपीस. नवा पिकअप बसवताना त्याच्यावर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक बारीक ठिपका दिलेला असतो. तो काढल्याशिवाय लेझर पेटत नाही. मेकॅनिक नवखा असेल तर त्याला हे विचारून घ्या.

भिंगावर नुसती धूळ असेल तर इअरबडला दोन थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, अजिबात न दाबता पुसा. प्लग काढून ठेवा. लेझर दिसत नाही म्हणून चालू यंत्रात वाकून भिंगाकडे बघायचं नाही.

खाडी, पाऊस आणि वीज

ठाण्यात नाहीतर वाशी-नेरुळला चार महिने हवा ओलीच असते. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवून युनिट ठेवू नका. पावसाळ्यात प्लेयर आठवड्यातून एकदा तरी तासभर वाजवा, आतली ऊब भिंग आणि पट्ट्या कोरड्या ठेवते. एसीच्या खोलीतून दमट हॉलमध्ये हलवलेलं यंत्र लगेच लावलं तर भिंगावर वाफ धरते आणि चकती वाचत नाही, तास-दोन तास थांबा. सीडींच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका. चकतीआधी कव्हरमधल्या कागदाला बुरशी लागते, आणि साथीदारांची नावं त्या कागदावरच असतात.

वीज जाते-येते तेव्हा ट्रान्सपोर्ट, डॅक, ॲम्प सगळं एकदम दणक्यात चालू होतं आणि स्पीकरमधून धप्प आवाज येतो. वीज गेली की ॲम्पचं बटण बंद करण्याची सवय लावून घ्या. चालू करताना ॲम्प शेवटी, बंद करताना आधी. सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड पुरतो. एवढ्याशा यंत्रांना फ्रिजसारखा स्टेबिलायझर लावायची गरज नाही.

नवीन यंत्र घरी आलं की पहिल्याच आठवड्यात वरचे सगळे ढीग त्याच्यावर फिरवा: सर्वांत लांब सीडी, घरी लिहिलेली, एमपी३, आणि सुटी जोडणी असेल तर टीव्हीचा ऑप्टिकलसुद्धा. एखादी चकती नाकारली तर तीच दुसरीकडे वाजते का ते बघून, व्हिडिओ काढून, बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत दुकानात जा. वॉरंटी संपेपर्यंत बिल, खोका आणि आतला थर्माकोल टाकू नका. ट्रान्सपोर्ट दुरुस्तीला पाठवताना तो थर्माकोल नसेल तर पिकअपला रस्त्यातले खड्डे सोसत नाहीत.